मुलगी म्हणते, ‘अणुवैद्यक’ शिकायचे आहे

जून महिना आला की शेतकऱ्याच्या घरी दोन काळज्या एकदम दाराशी उभ्या राहतात. एक पेरणीची आणि दुसरी मुलांच्या पुढच्या शिक्षणाची. पेरणीचे काय करायचे ते आपल्याला बापजाद्यांपासून ठाऊक असते. दुसऱ्या काळजीत मात्र आपण चाचपडतो. डॉक्टर, इंजिनियर, नर्स आणि शिक्षक, फार झाले तर बँकेतली नोकरी, एवढीच नावे आपल्या बोलण्यात असतात. त्यात एखाद्या दिवशी बीएस्सी झालेली मुलगी सांगते की तिला ‘न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट’ व्हायचे आहे. न्यूक्लिअर हा शब्द ऐकून आजीला बाँब आठवतो, आईला कॅन्सर आठवतो आणि वडील मनातल्या मनात फीचा हिशेब करू लागतात. तिघांच्याही शंका रास्त आहेत. म्हणून हा विषय आज जरा सविस्तर घेत आहोत.

आधी हे शास्त्र म्हणजे काय ते पाहू. एक्स-रेमध्ये किरण यंत्रातून निघतात, शरीरातून आरपार जातात आणि पलीकडे फोटो उमटतो. अणुवैद्यकात उलटे असते. किरण देणारा पदार्थ अगदी सूक्ष्म प्रमाणात रोग्याच्या शिरेत टोचतात किंवा तोंडाने देतात. तो पदार्थ ज्या अवयवाकडे जायचा तिकडे जातो, तेथून किरण बाहेर पडतात आणि बाहेर ठेवलेला कॅमेरा ते टिपतो. एक्स-रे हाडाचा आकार दाखवतो. अणुवैद्यक ते हाड, तो मूत्रपिंड, ती थायरॉईडची गाठ काम कसे करते ते दाखवते. शेताचा नकाशा पाहणे वेगळे आणि पाटाला सोडलेले पाणी कोणत्या वाफ्यात पोचले व कोठे अडले ते बांधावर उभे राहून पाहणे वेगळे, तसाच हा फरक समजावा.

या शास्त्राची एक मुळी थेट रोपापर्यंत जाते, हे आपल्या वाचकांना आवडेल. जॉर्ज हेवेशी नावाचे हंगेरीचे शास्त्रज्ञ १९२३ साली कोपनहेगन येथे काम करीत होते. त्यांनी घेवड्याच्या जातीतल्या शेंगवर्गीय रोपाची मुळे शिशाच्या द्रावणात ठेवली. त्या शिशात थोडा किरणोत्सर्गी अंश मिसळलेला होता. मग मुळात किती शिसे चढले, खोडात किती गेले, पानात किती पोचले, हे त्यांनी किरण मोजून सांगितले. सजीवाच्या अंगातून एखादा पदार्थ कसा फिरतो याचा असा माग त्यापूर्वी कोणी काढला नव्हता. त्यांच्या या पद्धतीला पुढे रसायनशास्त्राचे १९४३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज इस्पितळात हाडांचा स्कॅन करताना जे चालते, त्याचे तत्त्व त्या रोपाच्या प्रयोगातलेच आहे.

रोज धार काढावी लागणारी गाय

सर्वात जास्त वापरला जाणारा पदार्थ म्हणजे टेक्नेशियम-९९एम. टेक्नेशियम हे माणसाने कृत्रिम रीतीने तयार केलेले पहिले मूलद्रव्य. १९३७ साली इटलीतल्या पालेर्मो येथे सेग्रे आणि पेरिये यांनी ते शोधले. अमेरिकेतल्या बर्कलेच्या सायक्लोट्रॉन यंत्रातून आलेला मॉलिब्डेनमचा एक तुकडा तपासताना ते त्यांच्या हाती लागले. वैद्यकाच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण असा की त्याचे अर्धायुष्य फक्त सहा तासांचे आहे. म्हणजे सकाळी आठ वाजता शंभर भाग असतील तर दुपारी दोनला पन्नास उरतात, रात्री आठला पंचवीस, मध्यरात्रीनंतर दोनला साडेबारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जेमतेम सहा. शिवाय लघवीवाटेही पुष्कळसे निघून जाते. रोग्याच्या अंगात ते मुक्काम करून राहत नाही.

पण जो माल सहा तासांत निम्मा होतो, तो साठवायचा कसा आणि दूरच्या गावाला पाठवायचा कसा? दुधाच्या धंद्यात असणाऱ्यांना ही अडचण सांगायला नको. उपायही दुधासारखाच निघाला. दूध पाठवू नका, गायच पाठवा! मॉलिब्डेनम-९९ हे टेक्नेशियमचे आईबाप समजा. त्याचे अर्धायुष्य ६६ तासांचे. ते एका लहान नळीत अॅल्युमिनाच्या भुकटीवर बसवतात, भोवती शिशाचे जाड कवच घालतात आणि हा डबा इस्पितळाला पोचवतात. आत मॉलिब्डेनमचे सतत टेक्नेशियम होत राहते. सकाळी तंत्रज्ञ वरून मिठाचे निर्जंतुक पाणी जाऊ देतो. मॉलिब्डेनम भुकटीला चिकटून राहते, टेक्नेशियम तेवढे पाण्याबरोबर खाली बाटलीत उतरते. एकदा धार काढली की दुसऱ्या दिवशी तितक्याच वेळेला ‘कास’ पुन्हा भरलेली असते. इंग्रजीत या डब्याला खरोखरच ‘मॉली काऊ’, म्हणजे मॉलीगाय, म्हणतात आणि काम करणारे लोक ‘दूध काढले का?’ असेच विचारतात. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९५० च्या दशकाच्या शेवटी ही युक्ती तयार झाली. मात्र ही गाय दिवसेंदिवस आटत जाते. सोमवारी सकाळी आलेली गाय गुरुवारी पहाटेपर्यंत निम्म्यावर येते, म्हणून साधारण आठवड्याला नवी आणावी लागते. आपल्या देशात वाशीचे ‘ब्रिट’ हे अणुऊर्जा खात्याचे मंडळ असा माल पुरवते.

दूध काढले म्हणजे लगेच वापरले असे नाही. डेअरीत जसे फॅट लावून पाहतात तसे येथेही पाहावे लागते. मॉलिब्डेनम चुकून खाली उतरले आहे का? एक मिलिक्यूरी टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्यूरीहून जास्त मॉलिब्डेनम चालत नाही. अॅल्युमिनाचा अंश आला आहे का? एकूण किती आहे, किती वाजता मोजले? हे सारे वहीत लिहायचे. मग त्या द्रावणात वेगवेगळी औषधे मिसळतात. एक औषध टेक्नेशियमला हाडाकडे नेते, दुसरे मूत्रपिंडाकडे, तिसरे हृदयाच्या स्नायूकडे. टेक्नेशियम हा टपाल पोचल्याची घंटा वाजवणारा आणि औषध हा पत्ता, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

दिवसभराचे काम

तंत्रज्ञाचा दिवस रोगी येण्याआधी सुरू होतो. मोजणीचे यंत्र हातात घेऊन तो टेबल, फरशी, बेसिन यांवर कोठे सांडलवंड झाली आहे का ते पाहतो. कॅमेऱ्याची चाचणी घेतो, कारण कॅमेऱ्याचा एखादा भाग मंद झाला तर रोग्याच्या हाडात नसलेली खोट दिसते किंवा असलेली लपते. मग धार, मग तपासणी, मग औषधांची तयारी. शिशाच्या भिंतीआड, शिशाची काच मध्ये ठेवून, सिरिंजवर जड धातूचे म्यान चढवून हे काम करावे लागते. हात स्थिर हवा आणि चलाख हवा. शिकाऊ मुलांना सुरुवातीला नुसते रंगीत पाणी भरून सराव देतात, तो याचसाठी.

नंतर रोगी. हाडांच्या स्कॅनला प्रौढ माणसाला साधारण वीस मिलिक्यूरीचे इंजेक्शन देतात आणि दोनतीन तास थांबवतात. या वेळेत भरपूर पाणी प्यायला सांगतात आणि कॅमेऱ्याखाली जाण्यापूर्वी लघवीला जाऊन यायला सांगतात. हे सांगणे वरवरचे वाटेल, पण मूत्राशय भरलेले राहिले तर त्याच्या चकाकीखाली कटीच्या हाडातली गाठ झाकून जाते. लघवीचा एक थेंब धोतराला लागला तर फोटोत मांडीच्या हाडावर रोगाचा ठिपका उमटल्यासारखा दिसतो. खेड्यातून आलेल्या म्हातारबाबांना हे त्यांच्या बोलीत, लाज न वाटू देता, समजावून सांगणारा माणूस तेथे असला पाहिजे. आपल्या सीमाभागातली मुले घरी मराठी, बाजारात कन्नड आणि देवळात कधी कोकणीही ऐकत वाढतात. अर्जात या भाषा लिहायला ती संकोचतात. या धंद्यात मात्र भाषा हे हत्यार आहे.

कॅमेऱ्याखाली माणसाला वीस मिनिटे ते अर्धा तास न हलता पडावे लागते. पाठदुखीने कण्हणाऱ्याला, घाबरलेल्या लेकराला, श्वास लागलेल्या म्हातारीला कसे निजवायचे, उशी कोठे द्यायची, हे पुस्तकात फारसे नसते. आणि शेवटी प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : “काय निघाले हो?” पडद्यावर तंत्रज्ञाला बरेच काही दिसलेले असते. तरी त्याने निदान सांगायचे नसते, ते डॉक्टरांचे काम. खोटे बोलायचे नाही, चेहरा पडू द्यायचा नाही आणि “डॉक्टर रिपोर्ट देतील” हे कोरडेपणाने म्हणायचे नाही. हा भाग शिकायला सर्वांत अवघड असतो असे आमचे मत आहे.

तपासणीखेरीज उपचारही असतात. थायरॉईड फार जोरात चालणाऱ्यांना आणि थायरॉईडच्या कॅन्सरला आयोडीन-१३१ देतात. १९४१ साली बोस्टन येथे डॉ. सॉल हर्ट्झ यांनी थायरॉईडच्या रोग्यांवर किरणोत्सर्गी आयोडीनचा उपचार सुरू केला. थायरॉईड ग्रंथी आयोडीन ओढून घेते आणि त्यातल्या किरणांनी तिच्या पेशी आतल्या आत मरतात. चाकू नाही, टाके नाहीत. याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे, म्हणून ३० मिलिक्यूरीहून अधिक दिल्यास रोग्याला स्वतंत्र खोलीत, स्वतंत्र संडास देऊन ठेवतात. ते सांडपाणी थेट गटारात जात नाही, टाकीत मुरवून किरण उतरल्यावर सोडतात. रोग्याला घरी कधी पाठवायचे ते मोजून ठरवण्यात तंत्रज्ञाचा वाटा असतो.

अलीकडे पेट स्कॅनचे नाव सर्वांच्या तोंडी झाले आहे. त्यात फ्लोरिन-१८ लावलेली साखर टोचतात. कॅन्सरच्या पेशी साखर हावरटासारखी ओढतात, म्हणून त्या उजळतात. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटांचे. ते सायक्लोट्रॉनमध्ये तयार होते आणि तेथून गाडीने वा विमानाने धावत आणावे लागते. रस्त्यात घाट अडला तर माल अर्धा! देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळला सुरू झाला.

किरणांची भीती

आता आईच्या शंकेकडे वळू. तिला फोटो आणि औषधे यांत रस नाही. तिला एवढेच हवे : माझ्या मुलीला काही होणार नाही ना? पुढे तिचे लग्न, मुलेबाळे?

किरण दिसत नाहीत, वास येत नाही, चटका बसत नाही. म्हणून भीती वाटते, आणि निष्काळजी माणसाला त्याच कारणाने भीती वाटेनाशी होते. दोन्ही वाईट. फवारणीचे औषध हाताळणाऱ्या शेतकऱ्याला हे चांगले कळेल. त्यातही उघड्या हाताने औषध कालवणारे असतात आणि नाकाला फडके बांधून, वाऱ्याची दिशा पाहून फवारणारे असतात. फरक असा की शेतात कोणी मोजत नाही. अणुवैद्यक विभागात प्रत्येकाच्या अंगावर पडलेल्या किरणांची मोजदाद होते. छातीवर टीएलडी नावाचा बिल्ला लावावा लागतो, दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो आणि आकडा नोंदला जातो. नोकरी बदलली तरी नोंद माणसाबरोबर पुढे चालते. हाताने औषध भरणाऱ्यांना बोटात अंगठीसारखे मापकही देतात.

कायदेशीर मर्यादा अशी की काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्टच्या वर जाता कामा नये. सामान्य जनतेसाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट. जमीन, दगड, हवा, आकाश यांतून जगातल्या सरासरी माणसाला फुकटात मिळणारे किरण वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट भरतात. म्हणजे शेतात राबणारा माणूसही किरणांतून सुटलेला नाही. चांगल्या चालवलेल्या विभागात तंत्रज्ञाचा आकडा वीसच्या पुष्कळ खाली राहतो. मूल होण्याबद्दल म्हणाल, तर पुरुषाच्या बीजावर तात्पुरता परिणाम व्हायलासुद्धा दीडशेच्या आसपास मिलिसीव्हर्ट एकदम पडावे लागतात, आणि स्त्रीला कायमचे वंध्यत्व येण्यास त्याच्या कितीतरी पट. “किरणांचे काम करणारीला मूल होत नाही” हे जे गावात बोलले जाते, त्याला आधार नाही. सोयरिकी मोडायला मात्र ते पुरेसे ठरते, हे दुर्दैव.

गरोदरपणाची गोष्ट वेगळी आहे आणि ती लपवू नये. दिवस गेल्याचे कळताच मुलीने विभागाला सांगायचे. त्यानंतर पोटातल्या गर्भाला बाळंतपणापर्यंत १ मिलिसीव्हर्टच्या वर मिळू नये अशी कामाची वाटणी करतात. आयोडीनच्या खोलीत तिला पाठवत नाहीत. नोकरी जाईल या भीतीने काही मुली सांगायला उशीर करतात. घरच्या वडीलधाऱ्यांनी आधीच तिला धीर दिला तर हे टळते.

बचावाची साधने तीन : वेळ, अंतर, आडोसा. लवकर उरका, दूर उभे राहा, मध्ये शिसे ठेवा. अंतर दुप्पट केले की किरण निम्मे होत नाहीत, पाव होतात. टेक्नेशियमच्या किरणांना पाव मिलिमीटरच्या आसपासचा शिशाचा पत्रा निम्म्यावर आणतो. पेट स्कॅनच्या किरणांना मात्र त्याच कामासाठी चार मिलिमीटरहून जास्त शिसे लागते, तेथे एक्स-रेवाल्यांचा पातळ एप्रन घालून उभे राहण्यात काही अर्थ नाही. कोणता आडोसा कोठे चालतो हे न समजता नुसते शिसे अंगावर चढवणे म्हणजे पावसात छत्री बगलेत धरून चालण्यासारखे. याशिवाय विभागात खाणेपिणे नाही, तोंडाने काही ओढणे नाही, हातमोजे काढल्यावर हात धुणे आणि मोजणे. शिरेत सुया टोचायच्या असल्याने काविळीची ‘बी’ लस मुलाने आधीच घ्यावी.

जाता जाता रोग्यांच्या घरच्यांसाठीही सांगतो, कारण हा प्रश्न हमखास येतो. टेक्नेशियमचा स्कॅन करून आलेल्या माणसाला गोठ्यात झोपवण्याचे किंवा त्याचे ताट वेगळे करण्याचे कारण नाही. त्या दिवशी लहान बाळाला फार वेळ कडेवर घेऊ नये, पाणी भरपूर प्यावे, एवढे पुरे. अंगावर पाजणाऱ्या आईने मात्र इंजेक्शनआधीच सांगितले पाहिजे. किती वेळ पाजू नये ते औषधावर ठरते, आणि आयोडीन-१३१ चा उपचार घ्यायचा तर त्या बाळाचे पाजणे बंदच करावे लागते. गुरांना माणसापासून काही होत नाही. सकाळी गाय पिळायला हरकत नाही.

ट्रॉम्बेचे भुईमुगाचे बियाणे आपल्यापैकी पुष्कळांनी लावले असेल. १९९१ साली प्रसारित झालेले टीएजी-२४ त्यातलेच. त्याच्या वंशावळीत किरणांनी घडवलेले वाण आहेत, पण शेंगेत किरण उरलेले नाहीत. ती खाताना आपण घाबरलो नाही. त्याच भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ साली मुंबईत परळला टाटा स्मारक इस्पितळाच्या जोड-इमारतीत रेडिएशन मेडिसिन सेंटर काढले आणि अणुवैद्यकाचे शिक्षण देशात तेथून पसरले.

शिकायचे कोठे, आणि फसायचे कसे नाही

दोन वाटा आहेत. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र घेतलेल्या मुलांना बीएस्सीची वाट. न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजी हा विषय घेऊन पदवी आणि शेवटी इस्पितळात प्रत्यक्ष काम. बेळगाव आणि गोव्याकडच्या मुलांना मणिपाल जवळचे. मडगावहून रेल्वेने उडुपीला उतरले की आलेच. दुसरी वाट साधी बीएस्सी झालेल्यांची. परळच्या सेंटरमधून पूर्वी एक वर्षाची पदविका घेऊन तंत्रज्ञांच्या कित्येक तुकड्या बाहेर पडल्या आणि आज देशातल्या जुन्या विभागांत त्यांतलेच लोक वरिष्ठ जागांवर आहेत. पुढे होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटच्या अंतर्गत एमएस्सीचा अभ्यासक्रम आला. दिल्लीचे एम्स आणि चंडीगडचे पीजीआय येथेही एमएस्सी आहे. डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली लावलेले वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेजही तंत्रज्ञ तयार करते. सरकारी संस्थांत जागा थोड्या, प्रवेशपरीक्षा कडक, पण फी खाजगीच्या मानाने कमी. जाहिराती वर्षातून एकदाच येतात, त्या हुकल्या की वर्ष गेले.

खाजगी संस्थांबद्दल कान उघडे ठेवा. जमिनीचा तुकडा गहाण टाकून मुलाला कोठेतरी घातले आणि शेवटी ते प्रमाणपत्र इस्पितळात चालत नाही असे निघाले, याहून वाईट ते काय? किरणोत्सर्गी पदार्थ वापरणाऱ्या विभागावर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. हे मंडळ १९८३ साली स्थापन झाले, त्याची कचेरी मुंबईत अणुशक्तीनगरला नियामक भवनात आहे. विभागात कोणत्या शिक्षणाचा माणूस तंत्रज्ञ म्हणून घ्यायचा याचे नियम त्याच्याकडे आहेत. २०२१ साली संसदेने आरोग्यसेवेतील सहायक व्यवसायांसाठी कायदा केला, त्याच्या यादीतही हा व्यवसाय आहे. तेव्हा पैसे भरण्याआधी संस्थेला विचारा : तुमच्या अभ्यासक्रमावर नियामक मंडळ तंत्रज्ञ म्हणून मान्यता देते का, ते लेखी दाखवा. तुमच्या स्वतःच्या इस्पितळात गॅमा कॅमेरा आहे का, की मुलांना दुसरीकडे पाठवता? जनरेटर दर आठवड्याला येतो का? विद्यार्थ्यांना टीएलडी बिल्ला मिळतो का? अठरा वर्षांखालच्या मुलाला पूर्ण कामगारासारखे किरणांच्या कामाला लावता येत नाही, हेही लक्षात ठेवा. यातल्या एका जरी प्रश्नाला उत्तर टाळले, तर पुढच्या बसने परत या.

नोकरीविषयी गोड बोलण्यात अर्थ नाही. एक्स-रे काढणाऱ्याला तालुक्याच्या गावात काम मिळते. अणुवैद्यकाचा विभाग तेथे नसतो. तो मोठ्या शहरात, मोठ्या इस्पितळात किंवा कॅन्सरच्या केंद्रात असतो. म्हणजे हे शिकलेले मूल मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबाद, वडोदरा अशा ठिकाणी जाणार आणि शेताकडे सणासुदीला येणार. एकुलता एक मुलगा असेल आणि जमीन कसायला दुसरे कोणी नसेल, तर हा विचार आताच मोकळेपणाने करावा. उलट ज्या घरात तीन भावंडे दोन एकरांवर आहेत, तेथे एकाने या वाटेने जाणे शहाणपणाचे होईल. कामात पुढे चढण्याची सोयही आहे. अनुभव घेऊन परीक्षा दिली की किरण-सुरक्षा अधिकारी होता येते, आणि तसा अधिकारी असल्याशिवाय विभाग चालवता येत नाही.

मराठी माध्यमातल्या मुलांची एक अडचण वेगळी सांगतो. शिकवणे सगळे इंग्रजीत असते आणि पहिले तीन महिने अंगावर येतात. भाषेपेक्षा गणित जास्त नडते. अर्धायुष्याचे हिशेब, लॉगॅरिथम, मिलिक्यूरीचे मेगाबेकेरेल करणे (एक मिलिक्यूरी म्हणजे ३७ मेगाबेकेरेल) हे रोजचे आहे, आणि सकाळी सातला मोजलेले औषध साडेदहाला किती उरेल ते रोग्यासमोर उभे राहून काढावे लागते. अकरावी-बारावीची भौतिकशास्त्राची आणि गणिताची पुस्तके रद्दीत घातली नसतील तर ती प्रवेशाआधीच्या दोन महिन्यांत पुन्हा काढावीत. किरणोत्सर्गाचा धडा आणि लॉगॅरिथमची प्रकरणे, एवढी तरी पक्की करून जावे.